बारा वर्षं उभी असलेली आरएक्स १०० : पहिली किक मारण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या नावावरची १९९४ची यामाहा आरएक्स १००, एमएच-१२ पासिंग, पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये साधारण बारा वर्षं उभी आहे. टायर बसलेत, टाकीत थोडं जुनं पेट्रोल आहे, किक अर्ध्यावर जाऊन अडते. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "प्लग बदलू, पेट्रोल टाकू, दोन किकमध्ये चालू होईल." त्याचं ऐकावं का?

कदाचित खरंच चालू होईल. ९८ सीसीचं हे साधं टू-स्ट्रोक इंजिन, ठिणगी आणि पेट्रोल मिळालं की पेटतं. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. इतकी वर्षं उभ्या गाडीची क्रँकची (पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याची) ऑइल सील कडक होतात, कार्ब्युरेटरमागचं रबर तडकतं, टूटी ऑइलच्या (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या तेलाच्या) नळीत हवा शिरते. या तिन्हींचा परिणाम एकच: इंजिनाला हवा जास्त आणि तेल-पेट्रोल कमी. अशी गाडी पार्किंगमध्ये मस्त फटफटते आणि कात्रजच्या चढावर सीझ होते, म्हणजे पिस्टन आत अडकतो. म्हणून मेकॅनिकला थांबवा.

सिंहगड रस्ता म्हटल्यावर आणखी एक विचारावं लागतं. गाडी कधी पाण्यात होती का? सप्टेंबर २०१९मध्ये आंबिल ओढ्याला आलेला पूर, जुलै २०२४मध्ये एकतानगरीत शिरलेलं पाणी, अशा वेळी तळमजल्यावरच्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. शेजाऱ्यांना, वॉचमनला विचारा. इंजिनात पाणी गेलं असेल तर क्रँकची बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग गंजलेलं असणार. मग खालचे अर्धे उपाय वाया जातात. तिथे इंजिन उतरवून पूर्ण उघडणं हाच मार्ग.

सुट्या भागांवर पैसे घालण्याआधी कागद बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १९९४च्या गाडीची मुदत २००९ला संपली, एकदा वाढवली असेल तर २०१४पर्यंत. म्हणजे आज ती संपलेलीच आहे, आणि संपलेल्या नोंदणीवर गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. गॅरेजला न्यायची तर छोटा हत्ती करा. नूतनीकरणाला फॉर्म २५ लागतो. त्याशिवाय चालू विमा, पर्यावरण कर आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. वडील हयात असतील आणि गाडी तुमच्या नावावर करायची असेल तर फॉर्म २९ आणि ३०. हयात नसतील तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. जुनं पुस्तकी आरसी असेल तर गाडी 'वाहन' पोर्टलवर दिसते का ते आधी बघा. नसेल तर संगम पुलाजवळच्या आरटीओत बॅकलॉग नोंद (जुनी माहिती संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते, कारण तिच्याशिवाय पुढचा एकही अर्ज ऑनलाइन सरकत नाही. १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदवलेल्या गाड्यांना लागणारी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटीही त्याच नोंदीवर अवलंबून. शुल्कं बदलत राहतात, ती पोर्टलवर बघूनच निघा. आणि चॅसिस नंबर, इंजिन नंबर ब्रासोने पुसून आरसीशी ताडून घ्या. मधे कुणी इंजिनाची केस (नंबर कोरलेलं बाहेरचं कवच) बदलली असेल तर तो घोळ आत्ताच कळलेला बरा.

आता अडलेली किक. तिच्यावर उभं राहून जोर देऊ नका, आणि गिअरमध्ये टाकून गाडी ढकलू तर मुळीच नका. गंजाने धरलेली पिस्टनची रिंग अशा झटक्यात तुटते आणि तिचा तुकडा पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकून ब्लॉक (सिलिंडर) चिरतो. प्लग काढा, डाव्या बाजूचं मॅग्नेटोचं (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या चक्राचं) कव्हर काढा, गाडी न्यूट्रलला घ्या. मॅग्नेटोच्या नटावर पाना लावून, नट आवळण्याच्या दिशेने, फक्त मनगटाच्या जोराने फिरवून बघा. मॅग्नेटो मोकळा फिरतोय आणि किकच अडतेय, तर दोष किक शाफ्टच्या गिअरमध्ये आहे, पिस्टन शाबूत आहे. मॅग्नेटोही अडला तर प्लगच्या भोकातून डिझेल आणि टूटी ऑइल निम्मं-निम्मं, मिळून ३० मिली सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. मग सकाळ-संध्याकाळ रोटर (मॅग्नेटोचं फिरतं चक्र) हाताने धरून किंचित पुढे, किंचित मागे. अर्धा मिलिमीटर हलला तरी काम होणार. चार-पाच दिवसांत काहीच हललं नाही तर हेड आणि ब्लॉक उतरवा. वरून पिस्टनवर हातोडी मारण्याचा सल्ला देणारा भेटतोच. त्याने फक्त कनेक्टिंग रॉड वाकतो.

पिस्टन मोकळा असेल तरीही आत आधी १० मिली टूटी ऑइल सोडा, रात्रभर ठेवा आणि मगच फिरवा. पुढे चालू करण्याच्या दिवशी प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, भोकावर फडकं धरून दहा-पंधरा किक मारा, म्हणजे साचलेलं सगळं बाहेर पडेल.

इंजिन मोकळं झालं की मॅग्नेटोचा रोटर वर-खाली हलवून बघा. खडखड जाणवली तर क्रँकची बेअरिंग गेली. ब्लॉक उतरवलाच असेल तर कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढा. आडवा थोडा खेळ चालतो, उभा अजिबात नाही. कॉम्प्रेशन गेजवर, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, १००च्या वर पीएसआय आलं तर बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) हात लावू नका. ९०च्या खाली असेल तर ब्लॉक लेथवाल्याकडे. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी ओव्हरसाइझमध्ये मिळतात. पिस्टन आधी घ्या आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या, उलट करू नका. बोअरनंतर पोर्टच्या कडा हलक्या चॅम्फर केल्या (धार घासून उतरवली) का ते बोट फिरवून बघा. धारदार कडेवर रिंग अडकते, आणि नवा पिस्टन पहिल्याच दिवशी फुटतो.

टाकीचं काम सोपं असलं तरी घाईत बिघडतं. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो. ते काढा, कॉक उतरवा, साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. आत बघायला टॉर्चच वापरा, वाफ अजून असते. गंज वरवरचा असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं: कोमट पाण्यात लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे साधारण १० लिटरच्या टाकीला एक किलो. कॉकचं तोंड रबर आणि बोल्टने बंद करा, टाकी काठोकाठ भरा, १२ ते २४ तास ठेवा. रंगावर ओघळ येऊ देऊ नका, डाग जात नाहीत. ओतून दिल्यावर टाकीभर पाण्यात ५० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून धुवा, लगेच हेअर ड्रायरने वाळवा, आणि वाळल्या क्षणी आत थोडं पेट्रोल आणि टूटी ऑइल घालून टाकी चहूकडे फिरवा. या शेवटच्या पायरीला तासभर उशीर केला की आत पुन्हा नारिंगी थर. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते शिवणीचा पत्रा खातं. बारीक भोक असेल तर टाकी उघड्या आचेजवळ न्यायची नाही. टाकीवाल्याला सांगून आत पाणी भरून ब्रेझिंग करून घ्या. झाकणाचं वायुछिद्र दाभणाने मोकळं करा. ते बुजलं की गाडी दोन-तीन किलोमीटरवर बंद पडते, पाच मिनिटांनी पुन्हा चालू होते, आणि लोक कॉइल बदलत बसतात.

कार्ब्युरेटर उघडण्याआधी ओव्हरफ्लोच्या नळ्या, सायलेन्सरचं शेपूट आणि एअर फिल्टरचा डबा तपासा. पुण्यात पार्किंगमधल्या गाड्यांत कुंभारीण माशी या नळ्यांत मातीची घरं करते आणि उंदीर फिल्टरच्या डब्यात कापूस-चिंध्या भरतो. वायरिंगही कुरतडतो, तेव्हा हेडलाइटच्या भांड्यातल्या आणि टाकीखालच्या वायरी आत्ताच बघून घ्या. कार्ब्युरेटरमध्ये सगळ्यात बारीक तो पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारं भोक), आणि नेमका तोच डिंकाने बंद होतो. कार्ब क्लीनर मारा, तासभर भिजवा, हवा मारा. आत काही घालायचंच तर लवचिक वायरमधली तांब्याची एक तार. सुई घातली की भोक मोठं झालं समजा. एअर स्क्रू काढण्याआधी हळूच आत फिरवून किती फेरे होतात ते लिहून ठेवा. काही कळलं नाही तर दीड फेरा बाहेर, इथून सुरुवात करा. फ्लोटची सुई, बाऊलचा (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीचा) गॅस्केट आणि ओ-रिंग नव्याच घ्या. कार्ब्युरेटर आणि ब्लॉकमधलं रबरी जॉइंट हातात घेऊन वाकवा. वाकवल्यावर भेगा उघडल्या तर ते फेकायचं, सोल्यूशन लावून चिकटवायचं नाही. त्याच्यामागे रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी झडप) आहे. त्याच्या पात्या उजेडाकडे धरून बघा. फट किंवा तुटलेला कोपरा असेल तर बदला.

टूटी ऑइलची टाकी बहुतेक वेळा विसरली जाते. आत जेलीसारखा गाळ असतो. टाकी धुवा, नळी नवी घाला, पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तेल वाहू द्या. पंप खरंच तेल ढकलतोय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत पेट्रोलमध्येच लिटरला २० मिली टूटी मिसळा. थोडा धूर होईल, होऊ द्या. केबल लावताना पंपाच्या पुलीवरची खूण आणि पिन मॅन्युअलप्रमाणे जुळवा. अनेक गाड्यांचा पंप कधीतरी काढून टाकलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो. तसं असेल तर प्रत्येक वेळी लिटरला २५ ते ३० मिली, न चुकता.

आता मूळ मुद्दा, क्रँक सील. क्रँकच्या दोन टोकांना दोन सील. मॅग्नेटोकडचं गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते: आयडलिंग आपोआप वाढतं, ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम पटकन खाली येत नाही, प्लग पांढरा पडतो. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं: दाट धूर, चिकट काळा प्लग, आणि गिअर ऑइलची पातळी कुठेही गळती न दिसता उतरते. बारा वर्षांनंतर दोन्ही सील बदलावीत असं माझं स्पष्ट मत आहे. मॅग्नेटोकडचं रोटर पुलरने काढल्यावर बाहेरून निघतं. क्लचकडच्या सीलसाठी क्लच आणि प्रायमरी गिअर काढावा लागतो, क्वचित केसही उघडावी लागते.

बदलायचं नसेल तर निदान चाचणी घ्या. घरात रक्तदाब मोजायचं जुनं फुग्याचं यंत्र असेल तर तेवढंच पुरतं. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढा, दोन्ही तोंडं आणि टूटी ऑइलचं भोक रबरी बुचांनी घट्ट बंद करा, पिस्टन तळाला आणा. जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून त्यात नळी बसवा आणि तिला फुगा व डायल जोडा. डायलवर ३०० पारा (मिलिमीटर) म्हणजे जवळपास ६ पीएसआय, आणि एवढाच दाब हवा. ८-१० पीएसआयच्या वर गेलात तर चांगलं सीलही उचकटेल. सहा मिनिटं काटा जागेवर राहिला तर उत्तम. मिनिटाला ५० पाऱ्यापेक्षा वेगाने उतरला तर गळती आहे. साबणाचं पाणी ब्रशने हेड, ब्लॉकचा तळ, केसचा सांधा आणि मॅग्नेटोमागे लावा, बुडबुडे जागा दाखवतील. कागदी गॅस्केटमधून येत असतील तर स्वस्तात सुटलात.

यात आता पेट्रोलची भर पडली आहे. पंपांवर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, आणि नव्वदीच्या दशकातल्या नळ्या, फ्लोटच्या सुईचं टोक, कॉकचा वॉशर फुगतात किंवा ठिसूळ होतात. पेट्रोलची नळी आणि कॉकची रबरं इथेनॉल चालणारी मागून घ्या. पन्नास-साठ किलोमीटरनंतर प्लग पांढुरका दिसला आणि सील-रबरं नक्की चांगली असली तरच मेन जेट एक नंबर मोठा करा. गळती जेटने झाकू नका. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करा, कारण हे पेट्रोल ओलावा ओढतं.

ठिणगी बघायला नवा प्लग हेडला टेकवून किक मारा, पण भोकापासून लांब. ठिणगी निळी हवी. नसेल तर क्रमाने किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण, असेल तर), इग्निशन लॉकचे गंजलेले संपर्क, अर्थची वायर, प्लग कॅप. पॉइंट (ठिणगीचे उघडझाप करणारे संपर्क) असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासून फट ०.३ ते ०.४ मिमी. प्लगची फट ०.६ ते ०.७. कॉइल आणि सीडीआय (ठिणगीची इलेक्ट्रॉनिक डबी) सगळ्यात शेवटी संशयित.

गाडी पेटण्याआधी ती थांबली पाहिजे. दोन्ही चाकं काढा. ब्रेक शूवर लायनिंग चिकटवलेलं असतं, आणि इतक्या वर्षांत तो गोंद सुटतो. वरून जाड, धडधाकट दिसणारं लायनिंग चालत्या गाडीत शूवरून निघून ड्रममध्ये अडकतं आणि पुढचं चाक जागीच थांबतं. झीज कितीही कमी असली तरी शू नवे. ड्रममधली धूळ ओल्या फडक्याने टिपा, हवा मारून उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ब्रेक कॅम काढून ग्रीस लावा. टायर पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. कडेवरचे चार आकडे वाचा, ३२१२ म्हणजे २०१२चा ३२वा आठवडा. असा टायर गोट्यांसहित नवा दिसला तरी पावसात धरत नाही. ट्यूब आणि रिमपट्टीही बदला. क्लच, ॲक्सिलरेटर, पुढचा ब्रेक या केबली नव्या. फोर्कच्या पाइपवर सील जिथे घासतं तिथे गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिनाभरही टिकत नाही, पाइपला हार्ड क्रोम करून घ्यावं लागतं. हँडल मध्यावर आलं की खटकन थांबत असेल तर कोनसेट (हँडलची बेअरिंग) गेलाय.

सामानासाठी नाना पेठ. जुना भाग पिशवीत घेऊन जा, नावावर मागू नका. आरएक्सच्या नावाने खोकी सुंदर आणि आतला माल भलताच, हे सर्रास चालतं. सीलची ओठपट्टी नखाने दाबून बघा, ती लगेच परत यायला हवी. आणि रंगकाम, क्रोम, स्टिकर हे सगळं इंजिन-ब्रेक झाल्यावर. मूळ रंग बदलायचा असेल तर आरसीत तशी नोंद करावी लागते हेही लक्षात ठेवा.

चालू करायचा दिवस. गाडी उघड्यावर घ्या, बंद पार्किंगमध्ये नको. गिअर ऑइल नवं भरा. क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असणारच, तेव्हा आदल्या रात्री क्लचची दांडी हँडलला दोरीने आवळून ठेवा, सकाळी गिअरमध्ये टाकून गाडी पुढे-मागे हलवली की बहुतेक सुटतात. किकआधी एक गोष्ट ठरवून ठेवा: इंजिन पेटून आपोआप वर-वर ओरडायला लागलं तर काय? सील गळत असलं की टू-स्ट्रोक असं पळतं आणि चावी बंद करूनही कधीकधी थांबत नाही. पेट्रोलचा कॉक बंद करून उपयोग नाही, बाऊलमधलं संपायला वेळ लागतो. चोक पूर्ण ओढा, किंवा फिल्टर काढलेला असेल तर कार्ब्युरेटरच्या तोंडावर जाड रबर दाबा. तेही जमलं नाही तर ब्रेक दाबून टॉप गिअरमध्ये क्लच सोडा.

नीट पेटली तर पाच मिनिटं हलक्या आयडलिंगवर, रेस न करता. पहिली पाच मिनिटं धूर भरपूर येईल, नंतरही तसाच राहिला तर क्लचकडचं सील आठवा किंवा सायलेन्सरचा बॅफल (आतली नळी) काढून त्यातला चिकटा साफ करा. पीयूसीला जाण्याआधी हे केलेलं बरं. ३१ मार्च २०००पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम एवढी मोकळीक आहे. नीट जुळवलेली आरएक्स त्यात सहज बसते, बॅफल तुंबलेली बसत नाही.

नोंदणी, विमा आणि पीयूसी हातात आल्यावर पहिले २०० किलोमीटर ४०-४५च्या पुढे नाही, डबल सीट नाही, घाट नाही. उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून लांबवर घरंगळू नका: पेट्रोलबरोबर तेलही थांबतं आणि पिस्टन कोरडा फिरतो. मधूनमधून किंचित उघडा. प्लग आणि पाना खिशात ठेवा. २०० किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट तिरक्या जोड्यांनी पुन्हा आवळा, गिअर ऑइल बदला, आणि काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत ओतून बघा. राखाडी चमक चालेल. पितळी कण किंवा बेअरिंगचे तुकडे दिसले तर तिथेच थांबा आणि इंजिन उघडा.